तंजावरच्या अन्नपूर्णेची खिडकी

इंग्रज माणूस काही पाडत नाही आणि काही पुरं करत नाही, हे मी मैलापुरात खुर्चीवर बसून शिकले. आमच्या कचेरीत इंग्लंडातल्या जुन्या इमारतींचे नकाशे संगणकावर काढायचं काम चालायचं. तिकडचा मोजणीदार मापं आणि फोटो पाठवी, आणि इकडे आम्ही रेघा ओढत बसायचो. दोन हजार सहाच्या डिसेंबरात आमच्याकडे एका खेड्यातलं चर्च आलं. वय आठशे वर्षं. मधलं मोठं दालन सगळ्यांत जुनं, भिंती हातभर जाड, कमानी अर्धगोल. पुढे कोणाला तरी जागा कमी वाटली म्हणून उत्तरेला एक ओवरी जोडली, तिच्या कमानी टोकदार. मनोरा त्याहून उशिराचा. मध्येच एक दार बुजवलेलं, त्याची अर्धी कमान भिंतीत तशीच अडकलेली. जुन्या लुगड्यांची गोधडी असते ना, तसा सगळा प्रकार.

शिवाय पूर्वेकडचा वेदीचा भाग मधल्या दालनाच्या रेषेतच नव्हता. चक्क डावीकडे कलला होता. गाभारा दरवाजाच्या समोर सरळ रेषेत असतो, हे आमच्या कपालीश्वराच्या दारातल्या फुलवालीलासुद्धा ठाऊक आहे. मोजणाऱ्याची चूक असणार म्हणून मी तो भाग सरळ केला आणि दिला पाठवून. दुसऱ्याच दिवशी तिकडून अतिशय गोड भाषेत उत्तर आलं, की तो भाग खरोखरच वाकडा आहे, सहाशे वर्षं वाकडा आहे, तरी कृपया जे आहे ते काढा, जे असावं ते नको. मी वीसेक वर्षं नकाशे काढतेय. कागदावर पेनानं काढायचे तेव्हापासून. मला कोणी असं शिकवलेलं खपत नाही. पण वाक्य खरं होतं, त्यामुळे ते डोक्यात बसलं आणि निघेना.

नकाशा झाल्यावर स्मारकांचं काम सुरू झालं. चर्चच्या आत भिंतीवर, फरशीवर आणि बाहेरच्या अंगणात जितके म्हणून लेख कोरलेले होते, तितक्यांना नकाशावर क्रमांक द्यायचा आणि मजकूर टाइप करायचा. क्रमांक माझ्याकडे, मजकूर शेजारच्या चंद्रिकेकडे. एक सरदार आणि त्याच्या दोन बायका गुडघ्यांवर बसलेल्या, एक लोकरीचा व्यापारी, बाळंतपणात गेलेल्या कितीतरी मुली. एका सकाळी चंद्रिका म्हणाली, अक्का, हे बघा, तुमच्या गावचं कोणीतरी.

वेदीच्या दक्षिणेच्या भिंतीत एक अगदी बुटकी, छोटी खिडकी होती. ती चारशे वर्षं दगडांनी बुजवलेली होती आणि १९६० साली पुन्हा उघडून काच बसवली, अशी मोजणीदाराची नोंद होती. तिच्याखाली पितळेची पाटी. फोटो काढताना फ्लॅशचा उजेड नेमका पितळेवर पडून वरच्या आणि मधल्या ओळी पांढऱ्याफटक झाल्या होत्या. वाचता येत होतं ते एवढंच: 'तंजावरची अन्नपूर्णा', आणि शेवटी, 'ही खिडकी या चर्चला दिली'.

आम्ही दोघी हसलो. आमच्याकडे देवळात नाव कोरलेलं असतं ते देणाऱ्याचं. ट्यूबलाइट दिली तरी तिच्यावर 'उपयम', म्हणजे अमक्याचं दान, म्हणून नाव रंगवतात, इतक्या जाड अक्षरांत की उजेड बाहेर यायला जागा राहत नाही. तेव्हा तंजावरची कोणी श्रीमंत बाई इंग्लंडात गेली आणि तिनं चर्चला खिडकीचं उपयम केलं, यात आम्हांला काही वावगं दिसलं नाही. चर्चमध्ये पाटी कोणाची असते, हे रोज शंभर पाट्या टाइप करूनही आमच्या ध्यानात आलं नाही. सवय ही अशी असते.

आणि मी घरी जाऊन ते गंमत म्हणून सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी भाऊ बालाजीराव, प्रमोदिनीवहिनी, त्यांची मुलगी रम्या, मी रत्नप्रभा, आणि आमची आत्ते. आत्ते म्हणजे वडिलांची बहीण, नाव अन्नपूर्णाबाई. आम्ही तंजावरचे मराठे. आमची मराठी ऐकून पुण्याचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, की ही कुठल्या शतकातली. आत्तेचं लग्न सतराव्या वर्षी जनकोजीराव नावाच्या हुशार मुलाशी झालं. तो डॉक्टरकीचं पुढचं शिकायला पंचावन्न साली बोटीनं विलायतेला गेला. दोन वर्षं पत्रं आली, मग बंद झाली. बारा वर्षं वाट बघून घरच्या भटजींनी सांगितलं, की शास्त्राप्रमाणे आता पळसाच्या काड्यांचा माणूस करून त्याचं दहन करा आणि बाईचं कुंकू उतरवा. आत्तेनं ऐकलं नाही. एक तर माणूस आणा नाही तर त्याची बातमी आणा, काड्या माझ्यासमोर जाळायच्या नाहीत, असं तिनं वडीलधाऱ्यांच्या तोंडावर सांगितलं. तेव्हापासून ती कुंकू लावते, मंगळसूत्र घालते आणि रोज सकाळी देवी कर्पगांबाळेच्या देवळात जाऊन एकच मागणं मागते. मला अहेव ने.

अहेव म्हणजे नवरा जिवंत असताना, कुंकवासकट. आत्तेची आई, माझी आजी, तशी गेली होती. तंजावरच्या अख्ख्या गल्लीतल्या बायका आल्या, तिच्या पाया पडल्या आणि तिच्या कपाळावरचं कुंकू बोटानं घेऊन आपापल्या कपाळाला लावून गेल्या. आत्तेनं ते लहानपणी पाहिलं होतं. तेवढंच तिला हवं होतं.

पण जग तिला ते कुंकू सुखानं लावू देत नव्हतं. हळदीकुंकवाला बोलावणी हळूहळू कमी झाली. नवरा नक्की आहे की नाही, कोणास ठाऊक, उगाच शंका कशाला, असं बायका म्हणायच्या, तेही तिला ऐकू जाईल इतपत हळू आवाजात. आता पोंगलनंतर रम्याचं लग्न होतं, मुलगा तांबरमचा विश्वेश. लग्नाआधी पाच सुवासिनींनी मुहूर्ताची हळद कुटायची, आणि पहिला हात घरातल्या सर्वांत थोरल्या सुवासिनीचा. म्हणजे आत्तेचा. रम्यानं तसं ठासून सांगितलं होतं. प्रमोदिनीवहिनी मात्र भीत होती, कारण तांबरमच्या मंडळींचं आत्तेचे यजमान कुठे असतात हे दोनदा विचारून झालं होतं.

अशा घरात मी कॉफी पिताना इंग्लंडातल्या अन्नपूर्णेची गंमत सांगितली. सगळे हसले. आत्ते वाती वळत होती, तिनं हातातली वात खाली ठेवली.

"तंजावरची दुसरी कोण गे अन्नपूर्णा समुद्रापार गेली?" ती म्हणाली. "मी तर तंजावर सोडलं तर आवडी स्टेशनाच्या पलीकडं गेलें नाहीं."

मग तिनंच उत्तर दिलं. देवळात नवरा बायकोच्या नावानं उपयम करतोच की. त्यांनीच दिली असेल खिडकी. माझ्या नावानं.

मला तोवर हे सुचलंच नव्हतं. खोटं का सांगू, सुचलं तेव्हा अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा होता. डॉक्टर माणूस, खेड्यात राहिला, लाजेनं परत आला नाही, पण बायकोचं नाव परक्या देवाच्या घरात लावून ठेवलं. शक्य होतं. वहिनीसुद्धा एकदम मऊ झाली. मी तिकडे मेल केला की पाटी वाचता येत नाही, फ्लॅशशिवाय पुन्हा फोटो काढा. उत्तर आलं की नाताळच्या सुट्टीनंतर पाठवतो.

ते दिवस आत्ते जणू विशीत गेली. मोगऱ्याचा गजरा रोज. देवळाच्या तळ्याकाठच्या बायकांना बोलावून बोलावून खिडकीची बातमी सांगून झाली. हळदीला कोणती साडी नेसायची ते ठरलं, हिरवी कांचीपुरम. आणि एका संध्याकाळी तिनं रम्याच्या लग्नाची एक पत्रिका बाजूला काढली, चारी कोपऱ्यांना कुंकू लावलं आणि म्हणाली, ही त्यांना पाठवायची, चर्चच्या पत्त्यावर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असतील, येणं व्हायचं नाही, पण बोलावणं जायला हवं. मी म्हटलं, स्वच्छ फोटो आला की पत्ता लिहिते.

फोटो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आला. सकाळची वेळ, बाहेर गाण्याच्या सभेला आलेल्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, सगळे भोंगे एकदम वाजत होते. चंद्रिकेनं फोटो उघडला आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागली. तिसऱ्या ओळीला तिनं पडदा माझ्याकडे फिरवला. मग मी खुर्ची ओढून स्वतः वाचलं.

'देवाच्या गौरवार्थ, आणि तंजावरची अन्नपूर्णा हिच्या स्मरणार्थ. या गावचे डॉक्टर जनकोजी राव यांची प्रिय पत्नी. जानेवारी १९५८ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी तंजावर येथे मृत्यू. तिच्या शोकाकुल पतीने ही खिडकी या चर्चला दिली.'

मी ते तीनदा वाचलं. अक्षरं बदलली नाहीत. माझी आत्ते, जी सकाळी मला दहीभाताचा डबा भरून देताना लोणचं विसरली म्हणून जिना उतरून मागे धावली होती, ती एकोणपन्नास वर्षांपूर्वी मेली होती. पितळेवर कोरलेली, चुना-दगडात पक्की बसवलेली. मला आधी हसूच आलं. चंद्रिका माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. थोड्या वेळानं ती म्हणाली, अक्का, अंगणातल्या दगडांत अजून एक आहे, काल टाइप केला तेव्हा कळलं नाही. तिनं तो उघडला. काळ्या दगडावर डॉक्टर जे. राव, मृत्यू १९९१. खाली पत्नी डोरोथी, विवाह याच चर्चमध्ये, १९६१.

एवढं झाल्यावर समजायला काही उरलं नाही. जिवंत बायको असताना दुसरं लग्न चर्चमध्ये लागत नाही. डोरोथी हवी तर अन्नपूर्णा मरायला हवी. मग त्यानं तिला मारली, वर गावाची सहानुभूती घेतली आणि एक खिडकी दान केली. चारशे वर्षांची बुजवलेली खिडकी उघडली आणि तिच्या जागी बाई बुजवली. मी प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडला आणि मेल्याला मला येत होत्या तेवढ्या तिन्ही भाषांतल्या शिव्या दिल्या. तो मेलेलाच होता, त्यामुळे समाधान झालं नाही.

घरी पोचल्यावर वहिनीला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. तिला काय वाटलं असेल ते वाटो, पण तिला मुलीचं लग्न काढायचं होतं, आणि ती बोलली ते एका आईचं बोलणं होतं. नवरा एक्क्याण्णव सालीच गेला हे आत्तेला कळलं, तर ती कुंकू पुसणार. पंधरा वर्षं विधवा असून कुंकू लावलं, म्हणून स्वतःला खाऊन टाकणार. हळदीला ती बसणार नाही, तांबरमची माणसं हजार प्रश्न विचारणार, आणि रम्या रडून घर डोक्यावर घेणार. लग्न होईपर्यंत गप्प बस, तुझ्या पाया पडते. मी हो म्हटलं. खरंच म्हटलं. मला तरी कुठे ते तोंडानं सांगायचं होतं?

हे 'हो' तासभर टिकलं. दिवेलागणीला आत्ते ती पत्रिका घेऊन माझ्याजवळ आली. तिनं पाकिटावर स्वतःच्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, तीर्थस्वरूप जनकोजीराव यांस. खाली पत्त्यासाठी जागा सोडली होती. पेन माझ्या हातात दिलं.

मी पेन धरून बसले. मेलेल्या माणसाला लग्नाचं बोलावणं लिहायचं, आणि तेही जिनं कुंकू लावून पाठवलं तिच्याकडे बघत. मला जमलं नाही. सहाशे वर्षांची वाकडी भिंत मी सरळ काढून पाठवली होती, ती त्यांनी परत पाठवली. ही पत्रिका कुठे पाठवू?

"आत्ते, फोटो आला," मी म्हटलं.

तिनं वाचायला सांगितलं. आधी इंग्रजीत जसं आहे तसं, मग आपल्या भाषेत. मी वाचलं. दाराशी वहिनी येऊन उभी राहिली, तिनं पदर तोंडात धरला होता. आत्तेनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग अंगणातल्या दगडाचंही वाचलं, डोरोथीसकट. लपवून ठेवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

तिनं पाकीट मांडीवर पालथं ठेवलं. मग म्हणाली, की अठ्ठावन्नच्या पोंगलला ते येतील असं मला वाटत होतं, मी दोन भांडी गोड केलं होतं. एवढंच. नंतर तिनं विचारलं, मी कोण्या साली गेलें म्हणतात? मी सांगितलं, अठ्ठावन्न. आणि ते? एक्क्याण्णव. तिनं दोन्ही सालं पुन्हा माझ्याकडून म्हणवून घेतली, बाजारात भाव पक्का करून घ्यावा तशी.

मग ती उठली आणि न्हाणीत गेली. आम्हां दोघींना नळाचं पाणी ऐकू आलं. ती तोंड धूत होती. पन्नास वर्षांचं कुंकू त्या पाण्याबरोबर जात होतं आणि ते मी घालवलं होतं. आत्ते बाहेर आली ती कोऱ्या कपाळानं. तिला तशी मी जन्मात पाहिली नव्हती. डोळ्यांपुढचं ते कपाळ मला सहन होईना, मी खाली बघितलं. तिनं फळीवरचा आरसा काढला, करंडा उघडला आणि नवं कुंकू लावलं, रोजच्याहून मोठं. पत्रिका घेऊन तिचे दोन तुकडे केले आणि झोपायला गेली. जेवली नाही.

पुढचे दिवस तिनं त्यावर चकार शब्द काढला नाही. गजरा बंद झाला, तळ्याकाठी जाणं बंद झालं, कुंकू मात्र तसंच मोठं. वहिनी मला म्हणाली, आत्तेचं डोकं फिरलंय. मला वाटलं, असेलही. हळदीच्या सकाळी ती हिरवी कांचीपुरम नेसून सगळ्यांच्या आधी उखळाजवळ जाऊन बसली. तेव्हा मला वाटलं की आता ही खोटं बोलणार, आणि आत्तेनं कधी खोटं बोललेलं मला आठवत नव्हतं.

तांबरमहून विश्वेशची आजी आली होती, आत्तेहूनही थोरली, तंजावरच्याच एका जुन्या घरातली. तिनं हळदीकुंकवाची वाटी हातात घेतली आणि आत्तेसमोर बसून तोच प्रश्न विचारला, ज्याला आम्ही महिनाभर भीत होतो. मालक कोठें असतात तुमचे?

"एक्क्याण्णव साली वारले," आत्ते म्हणाली. "शीमेंत, विलायतेला."

रम्या माझ्याकडे बघत राहिली, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. वहिनीनं डोळे मिटून घेतले. आजीचा वाटी धरलेला हात मागे गेला.

"पण मी त्यांच्या आधीं गेलें," आत्ते त्याच आवाजात पुढे म्हणाली. "अठ्ठावन्न साली. त्यांनीच लिहून ठेवलंय तिथल्या देवळांत, पितळेवर, ह्या रत्नप्रभेनं वाचलंय. त्यांना दुसरी करायची होती, म्हणून मला मारलं. सरि, बरं, मारलं तर मारलं. पण मग मी नवरा असतांना गेलें ना? अहेव गेलें. रोज मागत होतें, ते चोविसाव्या वर्षींच मिळालं होतं, मलाच ठावं नव्हतं. आतां सांगा, अहेव गेलेल्या बाईचं कुंकू कोणी पुसतं?"

मी ती पाटी इतक्यांदा वाचली होती, दोन्ही सालं माझ्या डोळ्यांसमोर टाइप होऊन तिकडे गेली होती, आणि मला त्यात फक्त त्याचा गुन्हा दिसला होता. तांबरमच्या आजींनी वाटी खाली ठेवली, गुडघ्यांवर हात टेकत पुढे सरकल्या, आत्तेच्या पायांना हात लावला, आणि आपलं बोट आत्तेच्या कपाळावरच्या त्या मोठ्या कुंकवाला टेकवून स्वतःच्या कपाळाला लावलं. वयानं मोठी बाई लहान बाईच्या पाया एकाच वेळी पडते. ती लहान बाई अहेव गेल्यावर.

त्यांच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. वहिनी सर्वांत शेवटी आली आणि तिला रडू आवरेना. आत्तेनं सगळ्यांना करू दिलं. मान ताठ ठेवून, डोळे उघडे ठेवून बसली होती. तिच्या गालांवरून पाणी येत होतं आणि ते तिनं पुसलं नाही.

"पोदुम," शेवटी ती म्हणाली. पुरे. मग तिनं मुसळाला पहिला हात लावला आणि बाकीच्या चौघींनी आपापले हात तिच्या हातावर ठेवले.